पुस्तक विकलंत, आता नाटक दाखवा

‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकाच्या निर्माते मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्र लंडनला जाणार असलं तरी लिहितेय सांगलीहून आणि मराठीत. सोबत इंग्रजी प्रत जोडली आहे, त्यामुळे समजायची अडचण येणार नाही. मराठीत लिहायचं कारण असं की तक्रार माझ्या एकटीची नाही. हॅरी पॉटरची सात पुस्तकं वाचत ज्यांची शाळा-कॉलेजं झाली, त्या इकडच्या सगळ्यांनी ती वाचावी, पटलं तर पाठिंबा द्यावा, नाही पटलं तर भांडावं. म्हणून पत्र उघड.

विषय थोडक्यात सांगते. २०१६ साली तुम्ही पाच तासांहून मोठं, दोन भागांचं नाटक रंगमंचावर आणलंत. उद्घाटनाच्या प्रयोगानंतर काही तासांतच त्याची संहिता जगभर पुस्तक म्हणून विकायला काढलीत. पुढे २०२१ पासून एकेका शहरात त्या दोन भागांचा एक भाग केलात. आणि या सगळ्या काळात मूळचं अख्खं नाटक सामान्य प्रेक्षकाला तिकीट काढून पाहता येईल असं चित्रण एकदाही बाहेर आणलं नाहीत. संशोधकांसाठी कुठल्या संग्रहालयात काही जपून ठेवलेलं असेल तर ते मी धरत नाही, त्याचा आम्हाला उपयोग नाही. आमच्या हातात राहिलं ते पुस्तक. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणतात, ती ही.

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असं विचाराल. दिवसा मी बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना. सांगलीला आम्ही नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथे, आणि मराठी नाटकाचा हिशोब तिथूनच सुरू होतो. या गावात नाटकाचं वेड असणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही, गल्लीगणिक एक तरी सापडतोच. पण स्पर्धेच्या तालमी, ऐन प्रयोगात दगा देणारे डिमर आणि विंगेत कुजबुजत दिलेले क्यू यात इतकी वर्षं गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. संहिता हातात आली की मी आधी कंसातल्या रंगसूचना वाचते. संवाद नंतर.

हॅरीशी ओळख मात्र त्याच्याही आधीची. मी इंग्रजीतून वाचायची. धाकटा भाऊ ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पासून मराठीतून, बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादातून. घरात एकाच गोष्टीच्या दोन भाषा नांदत होत्या. २००७ च्या जुलैत सातवं पुस्तक आलं आणि प्लॅटफॉर्म पावणेदहावर एकोणीस वर्षांनंतरच्या त्या छोट्या प्रकरणाशी सगळं थांबलं. मोठा झालेला हॅरी मुलांना गाडीत बसवून देतोय, धाकट्या अल्बसच्या पोटात गोळा आलाय, की आपण शाळेतल्या त्या बदनाम गटात, स्लिदरिनमध्ये, तर नाही ना जाणार. तुमचं नाटक बरोबर याच प्लॅटफॉर्मवर सुरू होतं. अल्बस स्लिदरिनमध्येच जातो आणि त्याचा जिवलग मित्र होतो तो हॅरीच्या शाळेतल्या वैऱ्याचा, ड्रॅको मॅल्फॉयचा मुलगा स्कॉर्पियस.

ही कल्पना मला पहिल्यापासून आवडलेली आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं रागाने लिहिलंय असं वाटायला नको. आम्ही त्या गोष्टीकडे परत आलो तेव्हा आम्ही शाळकरी पोरं उरलो नव्हतो. हॅरीही उरला नव्हता. चाळिशीला टेकलेला, मंत्रालयात बडा अधिकारी, टेबलावर न उघडलेल्या फायलींचा ढीग, मंत्री झालेली हर्मायनी त्यावरून त्याला झापते आहे. अख्ख्या जादूच्या दुनियेला वाचवलेल्या या माणसाला स्वतःच्या मुलाशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत. त्या ब्लँकेटचा प्रवेश घ्या. हॅरीला तान्हेपणी मावशीच्या दारात ठेवलं तेव्हा ज्यात गुंडाळलं होतं ते जुनं पांघरूण तो अल्बसला द्यायला येतो. थोरल्या भावाला अदृश्य करणारा अंगरखा आणि आपल्याला हा कळकट कपडा, म्हणून पोरगं भडकतं. शब्दाने शब्द वाढतो आणि बापाच्या तोंडून नको ते निघून जातं. तू माझा मुलगा नसतास तर बरं, या अर्थाचं. एकदा गेलेलं ते वाक्य उरलेलं नाटकभर दोघांच्या मध्ये उभं राहतं. ज्यांच्या घरात बारा-तेरा वर्षांचं मूल आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही.

आता तक्रारी.

सुरुवात त्या पुस्तकापासूनच करते. ३१ जुलै २०१६, रविवार. लंडनची मध्यरात्र म्हणजे आमच्याकडे पहाटेचे साडेचार. त्या सकाळी पुण्यातल्या एका दुकानापुढे रांग होती, तिच्यात मी होते. तुमच्या जाहिराती म्हणत होत्या, आठवी गोष्ट, एकोणीस वर्षांनंतर. रांगेतल्या बहुतेकांना आठवी कादंबरी मिळणार असंच वाटत होतं आणि तुम्हालाही तो गैरसमज दूर करायची फारशी घाई नसावी. नुसत्या अमेरिका-कॅनडात दोन दिवसांत वीस लाखांवर प्रती खपल्या. नाटकाच्या संहितेला असा खप आमच्याकडच्या प्रकाशकांनी स्वप्नातही पाहिला नसेल.

मी ते परतीच्या एसटीत वाचायला घेतलं आणि कराडच्या आत संपवलं. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो दंगा झाला तो तुमच्या कानावर इतर देशांतूनही आला असेल. कुणी म्हणालं, हे चाहत्यांनी हौसेने लिहितात तसलं काहीतरी आहे. कुणी नाटकातल्या खलनायिकेचं, डेल्फीचं जन्मरहस्य वाचून पुस्तक मिटलं. आगगाडीत खाऊ विकणारी ती बाई डब्याच्या टपावर चढून हाताची नखं परजते, तिथे तर भले भले हसले. यातल्या काही आक्षेपांना माझा आजही पाठिंबा आहे. काळात मागे जाऊन चौथ्या पुस्तकात मेलेल्या सेड्रिक डिगरीला वाचवण्याचा सगळा खटाटोप ज्या नियमांवर उभा आहे, ते तिसऱ्या पुस्तकातल्या नियमांशी नीट जुळत नाहीत आणि डेल्फीचं प्रकरण मला अजून घशाखाली उतरलेलं नाही. पण त्या दिवशी लोक ज्यावर चिडले ते नाटक नव्हतंच. तो नाटकाचा सांगाडा होता. तुम्ही तो कादंबरीच्या वेष्टनात बांधून विकलात आणि नाटकाची पहिली ओळख कोट्यवधी वाचकांना त्या सांगाड्यावरून झाली.

का म्हणते ते उदाहरणाने सांगते, कारण २०१९ साली भाऊ तिकडे नोकरीला असताना मला केंब्रिज सर्कसच्या पॅलेस थिएटरमध्ये दोन्ही भाग एकाच दिवशी बघायला मिळाले. दुपारी पहिला, संध्याकाळी दुसरा.

दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. मोठ्यांनी अल्बस आणि स्कॉर्पियसची ताटातूट केली आहे, एकमेकांशी बोलायचं नाही. पुस्तकात हा प्रवेश म्हणजे थोड्याशा रंगसूचना. जिने येतात, मुलं एकमेकांकडे बघतात, जिने दूर जातात. एसटीत मी त्यावरून नजर फिरवून पान उलटलं होतं, कुणीही उलटेल. स्टेजवर चाकांचे दोन जिने आहेत. एकावर अल्बस, दुसऱ्यावर स्कॉर्पियस. इमोजन हीपचं संगीत चालू होतं आणि ते जिने फिरू लागतात, गोल, संथ, एकमेकांना बगल देत. मुलं वर चढतात, खाली उतरतात, मध्येच बसतात. जिने इतके जवळ येतात की हात लांबवला तर पोचेल, आणि नेमका तेव्हा एक जिना वळतो. संवाद एकही नाही. स्टीव्हन हॉगेट यांनी बसवलेल्या त्या हालचाली आणि नील ऑस्टिन यांचा प्रकाश यांनी सगळं सांगून टाकलेलं असतं. माझ्या शेजारी एक आडदांड माणूस बसला होता. तोपर्यंत खुर्चीत सैलावून होता, इथे पुढे सरकला आणि प्रवेश संपेपर्यंत मागे टेकला नाही.

किंवा काळ उलटा फिरतो ती जागा. संहितेत प्रकाशाचा झोत आहे, आवाजाचा दणका आहे, काळ थांबतो आणि मागे जातो. वाचताना मी मनात म्हटलं, ठीक आहे, स्ट्रोब मारतील आणि ब्लॅकआउट करतील. आम्हीही तेच केलं असतं. प्रत्यक्षात ब्लॅकआउट नाहीच. भिंती, कमानी, उभी असलेली माणसं, सगळं नेपथ्य एक क्षणभर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं हललं आणि पुन्हा स्थिर झालं. उजेडात, डोळ्यांसमोर. इतकी वर्षं दिवे लावणाऱ्या बाईला ते कसं केलं हे बसल्या जागी उलगडलं नाही, आणि नंतर उलगडलं असं वाटलं तेव्हा खात्री वाटेना. कलाकार अंगरख्याचा एक झपाटा मारून जातात आणि तेवढ्यात टेबलं-खुर्च्या गायब होतात, शाळेत न्यायच्या पेट्याच आगगाडीतली बाकं होतात, हे तर फार साधं आणि फार सुंदर. यातलं काय छापणार पुस्तकात? बरं, २०१७ ची नऊ ऑलिव्हिए आणि २०१८ ची सहा टोनी पारितोषिकं मिळाली ती या प्रयोगाला. तो बघायला न मिळालेले लोक अजून पुस्तकावरून त्याला नावं ठेवतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

दुसरी तक्रार गुपिताची. सुरुवातीच्या प्रयोगांना प्रेक्षकांना बिल्ले वाटलेत, गुपित राखा म्हणून. लोकांनी इमानदारीने राखलं. ज्यांनी नाटक पाहिलं ते गप्प बसले आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना तुम्ही स्वतःच सगळी गोष्ट पुस्तकाच्या रूपाने विकून मोकळे झालात. म्हणजे गुपित उरलं ते फक्त प्रयोगाचं, आणि त्याच्याच आड आज चित्रण अडलं आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दहा वर्षं होत आली. कोण कुणाची मुलगी हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

तिसरी तक्रार कात्रीची आणि ही जरा सविस्तर सांगावी लागेल.

महामारीनंतर न्यूयॉर्कला तुम्ही नाटक पुन्हा सुरू केलंत ते एका भागात, साधारण साडेतीन तासांचं. मग सॅन फ्रान्सिस्को, मेलबर्न, हॅम्बुर्गलाही तेच. टोरांटो आणि टोकियो इथे तर ते मुळात एका भागातच आलं. कारण कळतं. दोन तिकिटं काढायची, बाहेरगावहून आलेल्याने मुक्काम करायचा, बेबीसिटरला दोनदा पैसे मोजायचे, हे सगळ्यांना झेपत नाही. नाटक लहान करणं हे पाप नाही. आमची पाच अंकी संगीत नाटकं रात्ररात्र चालायची, आज ती तीन तासांत बसवतात आणि त्यामुळेच ती अजून होतात. कापल्याने काही फायदेही झाले म्हणतात. अल्बस आणि स्कॉर्पियसमध्ये नेमकं काय आहे याबद्दल मूळ प्रयोग कुंपणावर बसून राहिला होता, नव्या आवृत्तीने ते जास्त मोकळेपणाने दाखवलं. ते योग्यच झालं.

पण दोन भागांत जे होतं ते नुसतं जास्तीचं नव्हतं. पहिला भाग कुठे संपतो आठवा. मुलांनी काळात केलेल्या लुडबुडीमुळे स्कॉर्पियस भलत्याच जगात येऊन पडतो. तिथे हॅरी पॉटर कधीच मेला आहे, वोल्डेमॉर्टचं राज्य आहे, शाळेची सूत्रं त्या छळकुट्या अम्ब्रिजबाईंच्या हातात. प्रेक्षागृहात गारठा पसरल्यासारखं होतं आणि माणसातला आनंद शोषून घेणारे डिमेंटर येतात. संपला भाग. दिवे लागतात आणि तुम्ही आम्हाला तसंच बाहेर सोडून देता.

ती मधली वेळ मी शेजारच्या चायनाटाउनमध्ये नूडल्स खात काढली. टेबलं कमी, त्यामुळे अनोळखी माणसांबरोबर बसावं लागलं आणि तीही याच नाटकाची निघाली. लीड्सहून आलेली एक आई आणि तिची दोन मुलं. मोठा मुलगा पैज लावत होता की सातव्या पुस्तकात मेलेला स्नेप परत येणार. धाकटी रडवेली, अल्बस कुठे गेला म्हणून. आईने सातही पुस्तकं मुलांना वाचून दाखवलेली, मी भावाशी भांडून वाचलेली. दुसरा भाग सुरू व्हायच्या आत आमच्यात पुढच्या सगळ्या शक्यता बोलून झाल्या होत्या. आम्ही लहानपणी दोन पुस्तकांच्या मधली वर्षं अशीच काढायचो, पुढे काय होईल यावर डोकं लढवत. तुमच्या नाटकाने ती वाट बघण्याची चैन एका संध्याकाळीपुरती परत दिली होती. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत उभं राहून ती मिळत नाही. एका भागाच्या प्रयोगात हे बसूच शकत नाही आणि जी मुलं आता पहिल्यांदा हे नाटक बघतील त्यांना असं काही होतं हे कळणारही नाही.

लांब नाटकाला प्रेक्षक बसत नाही, असं कृपा करून सांगू नका. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’ आणि पुढची दोन नाटकं १९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात सलग केली होती. आठ-नऊ तास. त्यात जादू नव्हती, उडणारे डिमेंटर नव्हते, विदर्भातलं एक मोडकळीला आलेलं घर होतं. लोक बसले. त्याच्या आठवणी सांगणारी माणसं अजून भेटतात आणि तो अनुभव हुकलेले आमच्यासारखे नुसते ऐकत राहतात. तुमच्या पाच तासांचंही असंच होऊ घातलंय. फरक एवढाच की आविष्कारकडे पैसे नव्हते आणि तुमच्याकडे आहेत.

पैशांवरून आठवलं. न्यूयॉर्कच्या प्रयोगावर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास आणि लिरिक थिएटर आतून बदलून घेण्यावर जवळपास तेवढेच खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. चार-सहा कॅमेरे लावून दोन भाग टिपायचा खर्च त्यापुढे किरकोळ. तेव्हा खर्चाचं कारण पुढे करता येणार नाही. खरी भीती दुसरीच असते आणि ती मला चांगली ठाऊक आहे, कारण आमच्याकडचे निर्मातेही तीच बोलून दाखवतात. चित्रफीत निघाली की थिएटरला कोण येणार?

त्याला उत्तर तुमच्याच घरात आहे. २०१५ साली बार्बिकनमध्ये बेनेडिक्ट कंबरबॅचचं ‘हॅम्लेट’ झालं, निर्मिती तुमच्यातल्याच सोनिया फ्रीडमन यांची. नॅशनल थिएटर लाइव्हने ते जगभरच्या सिनेमागृहांत दाखवलं. त्याने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. न्यूयॉर्कच्या ‘हॅमिल्टन’चं चित्रण २०२० च्या जुलैत घरोघरी पोचलं आणि थिएटरं उघडल्यावर त्याच्या दारातली गर्दी काही हटली नाही. आमच्याकडे ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांवर प्रयोग झाले. कॅसेटी ऐकून संवाद तोंडपाठ झालेली माणसं पुन्हा तिकीट काढून जायची आणि नटाच्या आधी वाक्य म्हणून शेजाऱ्याच्या शिव्या खायची. ज्याला नाटक आवडतं तो चित्रण बघून तृप्त होत नाही. त्याला प्रत्यक्ष बघायची ओढच लागते.

चौथी तक्रार पोचण्याची. तुम्ही दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची चाळीस चांगली तिकिटं दोन्ही भाग मिळून चाळीस पौंडांत देत आलात. योजना उत्तम आहे, मनापासून सांगते. पण पुढच्या आठवड्यात लंडनमध्ये असेल त्याच्यासाठी. आमच्यासाठी चाळीस पौंडांच्या आधी व्हिसा आणि विमान येतं. मुंबईत आता मोठे परदेशी प्रयोग उतरवता येतील असं थिएटर आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली ‘साउंड ऑफ म्युझिक’ आलं, २०२५ साली ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ आलं. तुमचंही कधी येईल. आलं तर मी जाईन, पण त्या तिकिटाच्या किमतीत आमच्या संस्थेच्या एका एकांकिकेचं नेपथ्य होतं. इस्लामपूर, जत, बार्शी, परभणीच्या मुलांना ते परवडणार नाही. त्यांच्या गावात मल्टिप्लेक्स मात्र झालंय किंवा तासाभरावर आहे.

आणि प्रेक्षक नाहीत ही सबब चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींवर होते. रंगमंचावरची जादू त्यांना नवी नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण २०१८ साली वैभव मांगले यांनी पुन्हा उभी केली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी थिएटरबाहेर पोरांची जी झुंबड उडायची ती तुम्ही बघायला हवी होती. ही पोरं आज पंधरा-सोळाची असतील. त्यातल्या अनेकांनी हॅरी पॉटरही वाचून संपवलाय. टीव्हीसाठी नवी मालिका येते आहे, म्हणजे आणखी एक पिढी पहिल्यापासून सुरुवात करणार. सात गोष्टी संपल्या की ती विचारणार, पुढे काय? आणि आपण त्यांच्या हातात पुन्हा तोच सांगाडा ठेवायचा?

मागण्या चार आहेत. त्यात आडवळण काही नाही.

एक. दोन भागांच्या संपूर्ण प्रयोगाचं चांगल्या दर्जाचं चित्रण करा आणि ते सिनेमागृहांत दोन भागांतच दाखवा. मध्ये दोन तासांची सुट्टी ठेवा. खाली उपशीर्षकं मराठीसकट भारतीय भाषांत द्या. तिरपे कोन आणि नटांच्या चेहऱ्यांचे फार जवळचे शॉट नकोत, अख्खं स्टेज दिसू द्या. आम्हाला जिने बघायचेत.

दोन. धंद्याच्या कारणाने ते चित्रण लगेच दाखवता येत नसेल तर आधी करून ठेवा आणि दाखवण्याचं वर्ष जाहीर करा. पाच वर्षांनी म्हणालात तरी थांबू. थांबायची सवय आम्हाला या पुस्तकांनीच लावली आहे. पण ज्या लोकांनी हे नाटक दोन भागांत बसवलं, चालवलं, रोज रात्री विंगेतून ओढलं, ते सगळे हाताशी असताना टिपलं गेलं पाहिजे. नाटक बंद पडल्यावर नेपथ्य गोदामात जातं आणि प्रकाशाचे क्यू कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कमध्ये. तिथून ते परत उभं राहत नाही, हे मी लहान प्रमाणात अनेकदा पाहिलंय.

तीन. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांवर ही नाटकाची संहिता आहे हे मोठ्या अक्षरांत छापा आणि आठवी गोष्ट म्हणून विकणं थांबवा. निर्मितीची कथा सांगणारं देखणं पुस्तक तुम्ही २०१९ साली काढलंत, ते वेगळं आणि महाग आहे. संहितेतच जिन्यांच्या प्रवेशासारख्या जागांची चार छायाचित्रं आणि पान-दोन पान टिपणं घाला. वाचणाऱ्याला कळू तरी दे, इथे काहीतरी घडतंय.

चार, आणि ही मागणी नाटकवाली म्हणून. अमेरिकेतल्या हायस्कुलांना त्यांच्या स्टेजवर करता यावी अशी खास आवृत्ती तुम्ही काढलीत. पोरांना लाखोंची यंत्रणा लागत नाही, जादू साध्या साधनांतून करता येते, हे तुम्हालाही मान्य आहे असा याचा अर्थ. मग ती भारतातल्या शाळांना आणि हौशी संस्थांना द्या, भारतीय भाषांतून करायच्या परवानगीसह आणि परवडेल अशा शुल्कात. जर्मनीत तुम्ही जर्मनमधून केलंत, जपानमध्ये जपानीतून. मराठीतून करायला आम्हाला तुमच्या यंत्रणेतला एकही स्क्रू नको. दोन जिने आमचा सुतार करेल, चाकं बाजारात मिळतात. प्रकाशाचं मी बघेन.

यातली चौथी मागणी सगळ्यात स्वस्तातली आणि लवकर होण्यासारखी आहे, तेव्हा उत्तर निदान तिच्यापुरतं तरी लवकर द्यावं. इकडे प्रयोगाआधी संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि स्पर्धेच्या अर्जाला हक्कधारकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं. ई-मेलने पाठवलंत तरी छापून घेऊ, पण त्यावर सही आणि शिक्का दोन्ही असू द्या. नुसती सही इथल्या कार्यालयात चालत नाही.

आपली,
सांगलीतली एक हौशी प्रकाशयोजनाकार